पॅकी डर्कनसाठी तहकुबी

आमच्या काउंटी कौन्सिलची, म्हणजे जिल्ह्याच्या परिषदेची, मासिक सभा सुरू होते ती मेलेल्या माणसांपासून. आधी प्रार्थना, मग शोकप्रस्ताव, आणि मग जिवंतांचं काय असेल ते. महिन्याभरात काउंटीत कोण कोण गेलं, कुणाची आई, कुणाचा मेहुणा, कुठल्या शाळेतल्या जुन्या बाई, अशी नावं सदस्य एकेक करून घेतात. जो नाव आधी घेईल तो पेपरात छापून येतो. मागाहून 'मीही सहभागी आहे' म्हणणाऱ्यांची नुसती यादी लागते. या कामात आळस करणारा माणूस पुढच्या निवडणुकीत पडलाच म्हणून समजा. दारासमोरचा खड्डा लोक एकवेळ विसरतात, पण बापाच्या मयताला न आलेला सदस्य ते विसरत नाहीत.

त्या सोमवारी अध्यक्षाच्या खुर्चीत अट्रॅक्टा गिल्वरी होती. गळ्यात पदाची साखळी, पुढ्यात पाण्याचा पेला. एरवी ती प्रत्येक मृताच्या नावाला मान हलवायची, दोन शब्द बोलायची. आज नावं नुसती कानांवरून जात होती. तिचा सगळा जीव विषयपत्रिकेतल्या नवव्या विषयापाशी अडकला होता. रथगॉर्मच्या वळणावर फिरस्त्यांसाठी पाच घरं.

फिरस्ते, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गाड्यांतून गावोगाव फिरणारी जमात; नाव जुनं. विनी कॉली आणि तिचा गोतावळा त्या वळणावर कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची घरं, लावून राहिला त्याला इतकी वर्षं झाली होती, की विनीच्या धाकट्या मुलांनी दुसरी जागा पाहिलीच नव्हती. फिरणं केव्हाच थांबलं होतं. नाव तेवढं अंगाला चिकटून राहिलं, आणि त्या नावाबरोबर लोकांच्या नजराही.

अशा घरांच्या बाबतीत कायदा जरा उफराटा आहे. आराखडा अधिकारी मांडतात. सदस्यांनी मुदतीच्या आत ठराव करून तो फेटाळला नाही, तर तो मंजूर झाला असं धरतात. होकाराला कुणाची गरज नाही, नकाराला मात्र रीतसर ठराव लागतो. रथगॉर्मची मुदत त्याच दिवशी संपत होती. गेल्या सभेत मॅलाकी टार्पीनं 'लोकांशी बोलायला सवड द्या' म्हणून विषय पुढं ढकलून घेतला होता. त्यामुळे आता फेटाळायचं तर आजच, नाहीतर कधीच नाही.

आणि फेटाळायला मॅलाकी कंबर कसून आला होता. टोलेजंग माणूस, गुरांचा बाजार चालवायचा, आवाज असा की माइक त्याला कधी लागलाच नाही. त्याच्या मागे अर्धं सभागृह होतं. बरोबर अर्धं. अट्रॅक्टानं आठवडाभर बोटांवर हिशेब केला होता, कुठूनही मोजलं तरी दोन्हीकडे सारखीच मतं पडत होती. आणि बरोबरी झाली की निर्णायक मत अध्यक्षाचं.

खाली पायऱ्यांवर रथगॉर्मचे लोक घरांच्या विरोधाचे फलक घेऊन उभे होते. त्यांच्या पुढे होता तिचा सख्खा धाकटा भाऊ, एन्डा कॅसर्ली. घरांसाठी घेतलेलं शेत त्याच्या कुंपणाला लागून होतं. एन्डा दुष्ट नव्हता. तिचा नवरा गिल्वरी वारला तेव्हा दोन हिवाळे त्यानं बहिणीची गुरं सांभाळली, आणि त्याबद्दल एका शब्दानं कधी बोलला नाही. निवडणुकीतली तिची सगळी मतं त्याच्याच स्वयंपाकघरात चहाच्या कपांवर जमवलेली. महिन्यापूर्वी त्यानं सरळ विचारलं होतं, 'तू आमच्या बाजूनं आहेस ना?' ती म्हणाली होती, 'मी काय परक्या गावची आहे का?' त्यानं त्याचा अर्थ हो असा घेतला, आणि तो चुकीचा आहे असं तिनंही सांगितलं नाही.

पण त्याआधी, मागच्या हिवाळ्यात, ती विनीच्या कॅरॅव्हॅनमध्ये जाऊन आली होती. तक्रार आली म्हणून पाहायला गेली आणि चहाला बसली. भिंतीकडची गादी ओलसर होती, छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी, पाण्याचा नळ रस्त्याच्या पलीकडे. श्वास घेताना विनीच्या मुलीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. इस्पितळातले डॉक्टर दर खेपेला औषध द्यायचे आणि कोरड्या जागी ठेवा म्हणून सांगायचे. अट्रॅक्टा उठताना विनीला म्हणाली, 'माझ्या हातात असेल ते मी करीन.' ते म्हणताना तिच्या मनात काही खोट नव्हती. अडचण एवढीच, की आज ते खरंच तिच्या हातात होतं.

दोन डगरींवर पाय ठेवून माणूस बराच काळ उभा राहू शकतो. राजकारणात तर लोक जन्म काढतात. पण आज नवव्या विषयाला एक पाय उचलावाच लागणार होता.

विनी वर प्रेक्षकांच्या सज्जात पहिल्या रांगेत बसली होती. चांगला कोट घातलेला, केस घट्ट बांधलेले, मांडीवर पर्स धरून. शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. रथगॉर्मचे दोघं तिघं सज्जात आले होते ते तिच्यापासून लांब, भिंतीला टेकून उभे राहिले. अट्रॅक्टानं मान वर करायचं टाळलं.

सभा पुढं सरकत होती. दुसऱ्या विषयाला शाळेजवळची वेगमर्यादा, तिसऱ्याला धक्क्यावरचं बंद पडलेलं स्वच्छतागृह. चौथा विषय रस्त्याकडेच्या झुडपी कुंपणांची छाटणी कुणी करायची, शेतकऱ्यानं की कौन्सिलनं. हा विषय दर शरदात येतो आणि दर शरदात तसाच राहतो. एरवी अट्रॅक्टा दोन वक्त्यांनंतर घंटी वाजवायची. आज तिनं कुंपणांवर वाटेल तितकं बोलू दिलं. एका सदस्यानं आपल्या गाडीच्या आरशाला काट्यांनी कसा ओरखडा पडला ते साग्रसंगीत सांगितलं, दुसऱ्यानं पक्ष्यांच्या घरट्यांची बाजू मांडली. ती मान डोलावत राहिली. मॅलाकी घड्याळ पाहायला लागला.

'अध्यक्षबाई,' तो शेवटी म्हणाला, 'कुंपणं आपण मेल्यावरही वाढतील. पुढं सरकायचं का?'

लोक हसले. तीही हसली, पण तिची बोटं साखळीशी चाळा करत होती.

तिच्या उजव्या हाताला फिडेल्मा स्कॅलन बसली होती, गृहनिर्माण खात्याची प्रमुख. रथगॉर्मचा आराखडा तिचाच. बारीक चणीची, अबोल बाई. अधिकाऱ्यांना मत नसतं आणि सभेत आपणहून बोलायचीही सोय नसते. विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर कागद चाळत बसायचं. फिडेल्मा सकाळपासून एकच पान चाळत होती.

पाचवा, सहावा, सातवा. आठवा विषय पथदिव्यांचा, तोही मिटला. अट्रॅक्टानं पाणी प्यायलं. पेला रिकामा करून खाली ठेवला. घसा साफ करून ती 'विषय क्रमांक' एवढंच म्हणाली असेल, तोच मॅलाकीच्या टेबलावरचा फोन घुरघुरला. पाठोपाठ पलीकडच्या बाकावर दुसरा, मग खिडकीपाशी तिसरा. सभागृहात माना खाली गेल्या. आमच्याकडे अशा एकदम खाली गेलेल्या मानांचा अर्थ एकच असतो.

मॅलाकीनं फोनवरचा निरोप वाचला आणि त्याचा चेहरा पडला. ते दुःख खरं होतं, तेवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण त्या दुःखाच्या आतही त्याचे डोळे झटकन डावीउजवीकडे फिरले, आणखी कोण उठतंय का ते पाहायला. दोन बाकांपलीकडे एक सदस्य खुर्ची मागे सारत होता. मॅलाकी त्याच्या आधी उभा राहिला.

'अध्यक्षबाई, मधेच बोलतोय, माफ करा. पॅकी गेला. आत्ता, शुश्रूषागृहात.'

पॅकी डर्कन. चाळीसेक वर्षं या सभागृहात बसलेला, तीनदा अध्यक्ष झालेला, काउंटीतल्या निम्म्या लोकांना नोकरीला लावलेला आणि उरलेल्या निम्म्यांच्या मयताला खांदा दिलेला. मॅलाकीला राजकारणात त्यानंच आणलं. सभागृहातून एक लांब उसासा निघाला, कुणी छातीवर क्रूसाची खूण केली. पॅकीनं आपल्याला काय शिकवलं, पहिल्या निवडणुकीत पावसात दारोदार कसा बरोबर फिरला, ते मॅलाकी सांगत गेला. वार्ताहर भराभर लिहून घेत होता. आणि मग, जे आमच्याकडे माजी अध्यक्षासाठी वर्षानुवर्षं होत आलंय, तेच मॅलाकी बोलला. पॅकीच्या मानासाठी ही सभा इथंच, या क्षणी, पुढच्या सोमवारपर्यंत तहकूब करावी अशी आपली सूचना आहे.

अनुमोदन द्यायला माणसं अक्षरशः धावली. 'माझं अनुमोदन', 'माझंही', 'आमच्या भागातर्फे माझंही'. डावे, उजवे, अपक्ष, सगळे. पॅकीच्या अनुमोदकांत आपलं नाव नसणं म्हणजे उद्या त्याच्या दारात तोंड दाखवायला जागा नसणं.

पॅकीनं अट्रॅक्टालाही पहिल्या सभेत कोपऱ्यात घेऊन समजावलं होतं, की पोरी, पहिलं वर्ष नुसतं ऐक. तो म्हातारा आठवून तिचे डोळे भरले. तेवढ्यात फिडेल्मा तिच्या कानाशी वाकली.

'तहकूब झाली तर मुदत संपते,' ती कुजबुजली. 'घरं मंजूर धरली जातील.'

अट्रॅक्टानं तिच्याकडे पाहिलं. फिडेल्माचा चेहरा कोरा होता.

'सभेला हे सांगावं लागतं का?' तिनं ओठ न हलवता विचारलं.

'कुणी विचारलं तर सांगावं लागतं. आपणहून सांगायचं का ते खुर्चीनं ठरवायचं.'

एवढं बोलून फिडेल्मा सरळ बसली आणि पुन्हा तेच पान पाहायला लागली. तिच्या पलीकडे मुख्याधिकारी खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर गाड्या लावायची जागा आणि एक कचऱ्याचा डबा, यापलीकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

अट्रॅक्टानं सभागृहावरून नजर फिरवली. सगळं तिला लख्ख दिसत होतं. तिनं एक वाक्य बोललं, की आधी नववा विषय घेऊ आणि मग तहकूब करू, तर मॅलाकी कपाळावर हात मारील, आभार मानील आणि लगेच ठराव टाकील. मतं समान पडतील, आणि मग सगळं सभागृह, सज्जातली विनी, भिंतीला टेकलेले शेजारी, सगळे तिच्या हाताकडे बघतील. आणि ती बोलली नाही, तर सुंठेवाचून खोकला जाणार. घरं होतील आणि तिला हात उचलावा लागणार नाही. एन्डाला म्हणता येईल, मी काय करणार, पॅकी मेला. विनीला म्हणता येईल, बघ, झालं ना. इतकी सोयीची वाट देवानं तिच्यापुढं आजवर कधी ठेवली नव्हती, आणि म्हणूनच तिला स्वतःची शिसारी आली. तरी तिचं तोंड उघडेना.

पॅकी डर्कन फिरस्त्यांच्या घरांचा सगळ्यात जुना विरोधक. 'माझ्या कुडीत श्वास आहे तोवर रथगॉर्मला एक वीट लागणार नाही,' असं तो याच सभागृहात म्हणाला होता. म्हातारा शब्दाला पक्का निघाला.

'सूचना मांडली गेली आहे, अनुमोदन मिळालं आहे,' अट्रॅक्टा म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. 'मतास टाकते.'

'अध्यक्षबाई, एक मिनिट.'

मागच्या बाकावर डोनल रश उभा राहिला होता. पहिल्यांदा निवडून आलेला, मॅलाकीच्याच गोटातला, शाळेत गणित शिकवणारा माणूस. नियमांचं पुस्तक घरी नेऊन वाचणारा सभागृहात तो एकटाच. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, काहीतरी चुकतंय पण काय ते सापडत नाही अशा.

'मला एवढंच विचारायचंय, नवव्या विषयाचं काय?'

मॅलाकी सावकाश मागे वळला.

'डोनल,' तो म्हणाला, 'पॅकीचं अंग अजून गार झालं नसेल. आणि तुला विषयपत्रिका सुचतेय?'

'तसं नाही, मॅलाकी. मलाही वाईट वाटतंय. पण...'

'वाईट वाटतंय ना? मग खाली बस.'

चारदोन जणांनी नापसंतीनं जिभा चुकचुकवल्या. डोनल लाल झाला, पण बसला नाही. मुलांकडून उत्तर काढायची सवय असेल, तो मॅलाकीला सोडून थेट खुर्चीकडे वळला.

'मी अध्यक्षांना विचारतोय. आज तहकूब केली, तर नववा विषय पुढच्या सोमवारी घेता येईल ना?'

आता विचारलं गेलं होतं. कुणी विचारलं तर सांगावं लागतं. फिडेल्माचं पान चाळणं थांबलं. मुख्याधिकाऱ्यानं खिडकीवरची नजर काढून टेबलावर आणली. वरून, सज्जातून, विनी कॉली पुढे वाकली होती. मान वर न करताही अट्रॅक्टाला ते कळलं.

हो म्हणावं तर ती धडधडीत थाप होती, आणि वर्षभर ही साखळी गळ्यात घालून तिनं एकही थाप मारली नव्हती. नाही म्हणावं तर ठराव मतास जाणार, आणि मग तिला हात उचलावाच लागणार. तिनं पेला उचलला, तो रिकामा होता.

'सदस्य रश,' ती म्हणाली, 'तहकुबीच्या सूचनेवर चर्चा होत नाही. नियम तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ आहेत. सूचना मागे घेतली गेली, तरच मला दुसऱ्या कशाबद्दल बोलता येईल, आणि मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी नक्की देईन.' तिनं श्वास घेतला. 'सदस्य टार्पी, पॅकी डर्कन यांच्यासाठीची सूचना तुम्ही मागे घेता का?'

वार्ताहराची पेन्सिल वर झाली. सगळ्या माना मॅलाकीकडे वळल्या. त्यानं क्षणभर, अगदी क्षणभर, डोनलच्या चेहऱ्याकडे पाहिलं, काहीतरी निसटतंय हे त्याच्याही लक्षात येऊ लागलं होतं. पण मग त्याची नजर पेन्सिलीकडे गेली. उद्याच्या पेपरातली ओळ त्याला तिथंच वाचता आली असावी.

'मी?' तो म्हणाला. 'पॅकीसाठीची सूचना? मेलो तरी नाही.'

आणि बाकं वाजली. डोनल खाली बसला.

'अनुकूल?' अट्रॅक्टानं विचारलं.

सगळे हात वर गेले. डोनलचाही, सगळ्यात शेवटी. तिनं विरोध विचारला, कुणी नव्हता. सगळे उभे राहिले, मिनिटभर शांतता पाळली गेली. त्या शांततेत ती सारखी एकच गोष्ट मनात म्हणत होती, आता कुणाला सुचू नये, आता कुणाला सुचू नये. मग तिनं घंटी वाजवली. लोक कोट उचलून पॅकीच्या आठवणी सांगत बाहेर पडले. मॅलाकी डोळे पुसत होता. त्यानं जाताना तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सभा छान सांभाळलीस म्हणाला.

सभागृह रिकामं झालं, तरी अट्रॅक्टा बसून राहिली. फिडेल्मानं कागद गोळा केले आणि तिच्या खांद्यावर हात टेकून गेली. मग अट्रॅक्टाला विनीची आठवण झाली आणि ती सज्जाच्या जिन्याकडे धावली.

विनी अर्ध्या जिन्यात कठड्याला धरून उभी होती. चेहरा राखेसारखा झाला होता.

'पुन्हा ढकललं,' विनी म्हणाली. 'मी ओळखलंच होतं. मेलेल्याला मान, आणि आम्ही पुढच्या सोमवारी. पोरगी सकाळी विचारत होती, तिची खोली कुठल्या बाजूला येणार म्हणून.'

'ढकललं नाही, विनी. झालं.' अट्रॅक्टानं तिला जिन्यातच सगळं समजावलं, मुदतीचं, तहकुबीचं, कुणी नाही म्हटलं नाही की हो धरतात त्याचं. दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना विनी पर्स छातीशी धरून मटकन पायरीवर बसली. रडली नाही. अट्रॅक्टालाच मनातून रडू येत होतं, आणि आभाराचे दोन शब्द येतील म्हणून ती वाट बघत होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

'म्हणजे घरं मिळाली,' विनी म्हणाली.

'मिळाली.'

'पण हो कुणी म्हटलं नाही.'

'नाही म्हटलं नाही कुणी. तेवढं पुरतं.'

विनीनं मान हलवली. 'त्या म्हाताऱ्यासाठी सगळे हात वर गेले. मी वरून बघत होते. मला वाटलं होतं, आज आमच्यासाठी एखादा तरी जाईल. हरलो असतो तरी चाललं असतं असं नाही म्हणत मी, मिसेस गिल्वरी. पोरीला कोरडी खोली हवीये, ती कशीही मिळू दे. पण एखादा हात बघायचा होता.' ती उठली, कोट झटकला. 'तुमचा कुठं जाणार होता?'

अट्रॅक्टाला चटकन उत्तर द्यायचं होतं. तोंडात 'अर्थात' आलं आणि तिथंच अडलं.

'मला माहीत नाही,' ती म्हणाली.

'हं,' विनी म्हणाली. त्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. ती हळूहळू जिना उतरली आणि मागच्या दारानं बाहेर पडली. पुढच्या पायऱ्यांवर एन्डाचे लोक होते, आणि त्यांच्यातून जायची तिला हौस नव्हती.

अट्रॅक्टाची गाडीही मागेच होती. रोज ती मागूनच जायची. त्या दिवशी ती मागच्या दारापर्यंत गेली, दाराच्या कडीला हात लावला, आणि परत फिरून पुढच्या दारानं बाहेर आली. आपण असं का केलं ते तिला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पायऱ्यांवर टाळ्या पडल्या. तहकुबीची बातमी खाली पोचली होती. एन्डा दोन पायऱ्या एकदम चढून आला आणि त्यानं तिला मिठीच मारली.

'शाब्बास,' तो म्हणाला. 'आठवडा मिळाला आपल्याला. मॅलाकी म्हणाला, तू त्या मास्तराला कसं गप्प केलंस ते.'

मागून कुणीतरी म्हणालं, की पॅकीनं मेल्यावरही रथगॉर्म राखलं. लोक हसले. तिची गुरं सांभाळणारे तेच हात तिच्या खांद्यांवर होते, आणि तिला वाटलं, आता घरी जावं, चहा प्यावा, उद्या पेपरातून कळेल त्यांना, किंवा परवा, अधिकाऱ्यांच्या पत्रातून. बिचाऱ्या फिडेल्मावर जाईल सगळं. अधिकाऱ्यांना कुठं निवडून यायचं असतं.

'आठवडा मिळाला नाही, एन्डा,' ती म्हणाली. 'मुदत आज संपली. घरं होणार.'

त्याला कळायला वेळ लागला. मागच्यांना त्याहून जास्त.

'मॅलाकीला माहीत नव्हतं?'

'विसरला.'

'आणि तुला?'

'मला माहीत होतं. मी गप्प बसले.'

एन्डानं हात खाली घेतले. त्याचा चेहरा तिला लहानपणापासून पाठ होता, आणि तो असा कधी झालेला तिनं पाहिला नव्हता. फलक धरलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. यातली प्रत्येक बाई तिच्यासाठी कधी ना कधी दारोदार फिरली होती.

'गप्प बसलीस,' तो म्हणाला. 'ते एक असो. माणूस घाबरतो. पण मत पडलं असतं तर? ते सांग. मत पडलं असतं तर काय केलं असतंस?'

यातून अजूनही सुटता येत होतं, आणि ती वाट तो स्वतः तिच्यापुढं धरत होता, भाऊच तो. माहीत नाही म्हणाली असती तरी भागलं असतं. पण मघाशी तेच उत्तर ऐकून जिना उतरत गेलेली पाठ तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

'घरांच्या बाजूनं,' अट्रॅक्टा म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला पहिल्यांदा कळलं की हे खरं होतं.

कुणी ओरडलं नाही. एन्डानं खाली ठेवलेला आपला फलक उचलला, त्याची काठी पायरीवर टेकवली आणि तिच्या पायांकडे पाहिलं.

'उद्या पॅकीच्या अंत्यदर्शनाला जाऊ तेव्हा,' तो हळूच म्हणाला, 'आमच्याबरोबर रांगेत उभी राहू नकोस. वेगळी ये.'

'बरं,' ती म्हणाली.

तो खाली उतरला. त्याच्यामागोमाग एकेक जण उतरला, आणि उतरताना कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही.